तोडणकरचा गुडघा

खेळामुळे माणसामाणसांतला विश्वास वाढीस लागतो, असं मी निगडवाडीच्या नव्या कबड्डी मॅटच्या उद्घाटनात माइकवरून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. त्याच मॅटच्या कडेला, पुढच्याच महिन्यात, विलास तोडणकरनं मी दिलेला चहाचा कप माझ्यापुढं धरला आणि म्हणाला,

"सर, आधी तुम्ही एक घोट घ्या."

"मी घेतलाय माझा."

"तुमच्यातला नाही. ह्याच्यातला."

मी घेतला. तोडणकर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. विषाचा अंमल चढायला किती वेळ लागतो याचा त्याच्या मनाशी काहीतरी हिशेब असावा, कारण चहा पार निवल्यावर त्यानं तो तोंडाला लावला. मग म्हणाला, "साखर कमी आहे."

हा मनुष्य वेडा नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही कुणाला तरी आधी पाजला असता.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आमचं जय हनुमान क्रीडा मंडळ तेव्हा नुकतंच 'मुंबई वादळ' या व्यावसायिक कबड्डी संघाला संलग्न झालं होतं. वादळची व्यवस्था तीन मजली होती. वरच्या मजल्यावर खरा संघ, जो टीव्हीवर दिसायचा. मधल्या मजल्यावर पुण्याचा 'वादळ ब'. आणि तळमजल्यावर आम्ही, 'वादळ क'. वर कुणी जायबंदी झालं की ब मधला एक वर जायचा आणि त्याच्या जागी आमच्यातला एक ब मध्ये. क्वचित नड असली तर आमच्यातला थेट वर. त्यामुळे निगडवाडीत वादळचा सामना बघणं ही जरा नाजूक गोष्ट होती. आपल्याच संघाचा गडी घोटा धरून लोळायला लागला की तालमीतले सगळे 'अरेरे' म्हणायचे, आणि तेवढ्यात कुणीतरी चपला शोधायला लागलेला असायचा, कारण ज्या पोराला आता वर बोलावणं येणार त्याच्या घरी निरोप आधी कुणी पोचवायचा यावर चुरस असे.

त्या मोसमात तोडणकर पडला. गुडघा. डाव्या कोपऱ्यावरचा नावाजलेला पकडपटू होता तो. चढाई करणाऱ्याचा घोटा त्याच्या हाती लागला की सुटत नाही अशी त्याची ख्याती. पुण्याचा डावा कोपरा तेव्हा कावीळ होऊन पडलेला. म्हणून बोलावणं थेट आमच्या रणधीरला आलं.

रणधीर माझा मेव्हणा. एकोणतीस वर्षांचा. कबड्डीत या वयाला लोक 'अजून खेळता का?' असं आदरानं विचारू लागतात. साखर कारखान्यातली हंगामी नोकरी टाकून तो मुंबईला निघाला, तेव्हा स्टँडवर मला म्हणाला, "दाजी, हा मोसम वर काढला तर पुढच्या लिलावात आपलं नाव येतंय. नाही काढला तर संपलं. परत कुणी विचारणार नाही."

आता जायबंदी गड्यांना विश्रांतीसाठी तळमजल्यावर पाठवायचं, अशी वादळची पद्धत होती. गावची हवा, मोकळं मैदान, बघायला पत्रकार नाहीत. पद्धत वाईट नव्हती. फक्त आखणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. दुखणं टिकेल तोवर ज्याची जागा टिकणार, त्याच्याच गावात दुखणेकरी बरा व्हायला जाऊ शकतो. मंडळाकडं पाहुणा उतरवायला खोली नव्हती, म्हणून तो चिटणिसाच्या माडीवर उतरला. चिटणीस मी. दिवसा ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो, त्यामुळे सत्तासंतुलनाची मला कल्पना होती. ती घरात माडीवर येऊन राहील याची नव्हती.

पहिल्याच दिवशी जेवायला बसताना तोडणकरनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. "हे कोण?"

"माझा भाऊ," माझी बायको शालन म्हणाली. "रणधीर."

त्यानं उचललेला घास ताटात परत ठेवला. "म्हणजे आपला रणधीर?"

"तुमच्या जागी गेलाय तो." शालन सरळ बाई आहे. तिनं भाताचा डाव पुढं केला. "घ्या की. गुडघा लवकर बरा व्हायला पाहिजे तुमचा."

तिनं ते मनापासून म्हटलं असेलही. पण वाक्याच्या मध्ये तिला एक उसासा आला, आणि तोडणकरनं तो ऐकला. त्या दिवसापासून तो माझ्या ताटाकडं बघून जेवू लागला. मी भाजी घेतली की तो भाजी घ्यायचा. मी कोशिंबिरीला हात लावला नाही तर त्याची कोशिंबीर तशीच राहायची.

गावानंही त्याला काही मदत केली नाही. तो पट्टा बांधून, काठी टेकत रस्त्यानं निघाला की न्हाव्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे विचारायचे, "काय म्हणतोय गुडघा?" त्यानं "दुखतोय" म्हटलं की ते इतक्या मोकळ्या मनानं "असू द्या, असू द्या" म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, याला मुलगा झाला.

आमच्या मंडळाचे वस्ताद तात्या सत्तरीचे. त्यांच्या मालिशीनं माणसं उठून चालायला लागतात असा बोलबाला होता. जी उठली नाहीत त्यांची नावं कुणी काढत नसे. तात्या तेलाची वाटी घेऊन आले.

"पाव्हणं, पाय सोडा हिकडं."

"नको."

"आवो, चोळायचं हाय. कापायचं न्हाई."

"तेलात काय आहे?"

तात्यांनी वाटीत बघितलं. "तेल."

"अजून?"

"अजून काय असतंय तेलात? तुमी मुंबईत कशानं चोळता?"

"मी बरा आहे असाच," तोडणकर म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे बरा नाही, पण नको."

तात्या वाटी घेऊन माझ्याकडं आले. "सर, दुखणाऱ्या माणसाला तेलाचं भ्या वाटत न्हाई. ह्येला वाटतंय. काय तरी हाय."

इकडं रणधीर रोज सकाळी फोन करायचा. माझी किंवा बहिणीची चौकशी करण्यात तो वेळ घालवत नसे.

"दाजी, काय म्हणतोय?"

"आहे तसाच."

"बरं. जपून ऱ्हावा म्हणावं."

वर रणधीर खरोखरच चांगला खेळत होता. आम्ही टीव्हीवर बघायचो, तोडणकरही आमच्यात बसून बघायचा. रणधीरनं एखादी पकड केली की आम्हाला ओरडावंसं वाटायचं, आणि पाहुण्यासमोर बरं दिसत नाही म्हणून आम्ही खोकायचो. तोडणकर मात्र शांतपणे म्हणायचा, "चांगला धरला." मला ते शांत असणंच खटकायचं. आपली जागा दुसरा खातोय आणि हा माणूस भुईमुगाच्या शेंगा सोलतोय, हे काही नैसर्गिक नव्हे.

मग तो रविवार आला. शालननं कोंबडा धरायला काढला. कोंबड्याला बेत कळला आणि तो अंगणभर सुटला. मी एका बाजूनं, शालन दुसऱ्या बाजूनं. तोडणकर ओट्याच्या पायरीवर, गुडघ्याला पट्टा, हातात पेपर. कोंबडा आम्हा दोघांच्या मधून निसटला आणि त्याच्या डाव्या अंगानं फाटकाकडं निघाला.

पुढं जे झालं ते मी टीव्हीवर पुष्कळदा बघितलं होतं. पेपर हवेत गेला. तोडणकर पायरीवरून एका गुडघ्यावर झेपावला, दोन्ही हात खालून घातले, कोंबड्याचा पाय धरला आणि आडवा पडून धरून ठेवला. कोंबडा फाटकाच्या दिशेनं मान ताणत राहिला, चढाई करणारा मध्यरेषेकडं हात ताणतो तसा. पोचला नाही.

तोडणकर उठला. त्याच, पट्ट्याच्या गुडघ्यावर रेटा देऊन उठला, अंगावरची माती झटकली आणि कोंबडा शालनच्या हातात दिला. शालन कोंबड्याकडं बघत नव्हती. मीही नव्हतो. थोड्या वेळानं तोडणकरच्या ते ध्यानात आलं.

"आई गं," तो म्हणाला, आणि गुडघा धरून खाली बसला.

"उशिरा दुखतंय का?" शालननं विचारलं.

रस्सा त्या दिवशी चांगला झाला होता. तोडणकरनं तो माझ्या आधी खाल्ला नाही.

दुपारी तो माडीवर गेल्यावर शालननं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तो ठणठणीत आहे."

"दिसलं मला."

"मग इथं कशाला बसलाय?"

मला वाटत होतं, मुंबईनं त्याला आमच्यावर नजर ठेवायला पाठवलंय. क दर्जाची आणखी दोन मंडळं होती आणि त्यांतलं एखादं बंद होणार अशी आवई होती. तात्यांचं मत वेगळं. ते म्हणत, हा आपल्या पोरांच्या पकडी बघून दुसऱ्या संघाला सांगणार. आमच्या पोरांच्या पकडी बघून कुणाचं भलं झालं असतं असं मला वाटत नव्हतं, पण तात्यांना तसं बोलून दाखवता येत नसे.

"काही नाही," शालन म्हणाली. "तो रणधीर आपटायची वाट बघतोय. रणधीरकडनं एक सामना हातचा गेला, की हा उठून उभा राहणार. मग सगळे म्हणणार, बघा, तोडणकर नव्हता तर काय झालं. तोवर दुखणं."

हे मला माझ्या अंदाजापेक्षा बरं वाटलं. "मग कळवू का वर, बरा झालाय म्हणून?"

"कळवा."

"रणधीर खाली येईल."

तिनं हातातला कांदा चिरून संपवला. "मग नका कळवू."

"विचारलं तर?"

"तुम्ही डॉक्टर आहात का? तुम्हाला काय कळतंय गुडघ्यातलं?"

त्या दिवसापासून आम्ही तोडणकरचं दुखणं जपायला लागलो. शालन त्याचं ताट माडीवर पाठवू लागली. मी त्याच्यासाठी मॅटच्या कडेला हातांची खुर्ची ठेवली. तो काठी विसरला तर मी मागून नेऊन द्यायचो. याचा परिणाम असा झाला की त्याचा संशय दुप्पट झाला.

"सर, तुम्ही मला जिना का उतरू देत नाही?"

"तुमचा गुडघा."

"गुडघा माझा आहे ना? मग मला कमी आणि तुम्हाला जास्त का दुखतोय?"

मी काठी त्याच्या खुर्चीला टेकवून निघून आलो.

मग मुंबईचा फोन आला. वादळच्या ऑफिसात खेळाडू-विकास नावाचं खातं होतं आणि त्यात कौस्तुभ नावाचा एक एमबीए बसायचा. त्यानं एकदाही गाव बघितलं नव्हतं, पण तो फोनवर आम्हाला 'टीम निगडवाडी' म्हणायचा.

"सर, तोडणकर कसे आहेत?"

"गुडघा अजून तयार नाही."

"नक्की?"

"मी डॉक्टर नाही. पण नाही."

पलीकडं काहीतरी टाइप झालं. "सर, रणधीर तुमचे कोण?"

"मेव्हणा."

"सख्खा?"

"बायकोचा सख्खा भाऊ."

"आणि तुमच्याकडंच राहतात?"

"इथं असला की."

"ओके सर."

त्या 'ओके' मध्ये मला सगळं ऐकू आलं. दोन दिवसांनी निरोप आला: तोडणकरनं ताबडतोब मुंबईला यावं. रणधीर परत येतोय.

"तुम्ही काय सांगितलं होतं?" शालननं विचारलं.

"तयार नाही म्हणून."

"मग?"

"मेव्हणा वर आहे म्हणून मी खोटं बोलतोय, हे त्यानं ओळखलं. मी नाही म्हटलं, त्यानं हो ऐकलं."

"मग तुम्ही हो म्हणायचं होतं."

"मग त्यानं हो ऐकलं असतं."

शालननं रणधीरला फोन लावला, तो लागला नाही.

सकाळी तोडणकर बॅग घेऊन माडीवरून खाली आला. पट्टा नाही, काठी नाही. सरळ, एकेका पायरीवर एकेक पाय. बॅग दारात ठेवून माझ्यासमोर उभा राहिला.

"सांगितलंत ना, मी बरा आहे म्हणून?"

"उलट. बरा नाही म्हणून सांगितलं."

त्यानं चहाच्या वेळी बघायचा तसं बघितलं. "तुम्ही कशाला तसं सांगाल?"

"रणधीर वर राहावा म्हणून."

आमच्या घरी राहायला आल्यापासून त्यानं माझ्या तोंडचं मानलेलं हे पहिलं वाक्य असावं. तो ओट्यावर बसला.

"म्हणजे आपण एकाच बाजूनं खेळत होतो," तो म्हणाला. "बोलायचंत ना, सर."

"तुम्ही का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुम्ही लोक मला बरं होऊ देणार नाही. म्हणून तर इथं आलो."

मला समजलं नाही. त्यानं समजावलं. विश्रांतीला कुठं जायचं, असं ऑफिसनं त्यालाच विचारलं होतं. तीन गावं होती. त्यानं रणधीरचं गाव कुठलं ते शोधलं आणि ते मागून घेतलं. त्या गावात कुणी आपल्याला 'उठा, झालात बरे' असं म्हणणार नाही, मोसम आपोआप निघून जाईल, हा त्याचा हिशेब. "फक्त बहिणीच्या घरी उतरवतील हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी घास खाली ठेवला तो त्याच्यामुळे."

"पण वर का जायचं नव्हतं तुम्हाला?"

तो आपल्या तळव्यांकडं बघत होता. "घोटे सुटायला लागलेत, सर. हात पोचतो, बोटं मिटतात, आणि माणूस निघून गेलेला असतो. टीव्हीवर ते हळू करून परत परत दाखवतात. माझी पोरगी बघते. दुखापत झाली म्हणून थांबला, असं ऐकायला माझी काही हरकत नाही. हातातून सुटतात म्हणून बसवला, हे नको होतं."

"कोंबडा नाही सुटला," दारातून शालन म्हणाली.

"कोंबडा होता तो, वहिनी."

शालननं चहा आणला. त्यानं सवयीनं कप माझ्याकडं केला. मीही सवयीनं घोट घेतला.

"आणि हे?" मी विचारलं.

"चहाचं खरंच वाटलं होतं," तोडणकर म्हणाला. "वहिनींची नजर."

जाण्यापूर्वी त्यानं मला ऑफिसला पुन्हा फोन करायला लावला. त्याचा गुडघा कामातून गेलाय, असं मी या वेळी ठासून सांगणार होतो. कौस्तुभनं फोन उचलला नाही. तोडणकर मिरजेच्या गाडीनं गेला. आपली काठी मात्र माडीवर ठेवून गेला, आणि स्टँडपर्यंत लोक त्याच्या मोकळ्या पायांकडं असं बघत होते, की जणू त्यानं गावाचं काहीतरी चोरून नेलं.

रणधीर संध्याकाळी आला. चूळ भरली, ओट्यावर बसला. आम्ही विचारण्याआधी तोच बोलला.

"दाजी, माझं काही चुकलं नाही हो. परवा कोच स्वतः म्हणाला, पुढच्या मॅचला तूच."

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "तोडणकरचा गुडघा बरा नाही असं मी सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही."

"गुडघा?" रणधीर माझ्याकडं बघायला लागला. "गुडघ्याचं कुणी विचारलंच नाही. मालकांच्या कंपनीची जाहिरात काढायची होती. कधीच्या करारात सात जणांची नावं आहेत, त्यात तोडणकरचं आहे. आणि ज्याचं नाव संघात नोंदलेलं नाही त्याला जर्सी घालून जाहिरातीत घेता येत नाही, असा लीगचा नियम. मग ह्याचं नाव आत घ्यायला एक नाव बाहेर काढायचं होतं. शेवटी आलेलं माझं."

"मग तो कौस्तुभ मला विचारत काय होता? मेव्हणा का, सख्खा का, तुमच्याकडंच राहतो का?"

"माझी दुसरी बॅग कुरियरनं कुठल्या पत्त्यावर पाठवायची म्हणून."

आत भांड्यांचा आवाज थांबला. शालन दारात आली. "जाहिरात झाली की परत बोलावतील ना?"

"एका जागेवर मोसमात दोनदाच बदल करता येतो, आक्का. दुसरा झाला."

"मग कोपऱ्यावर खेळणार कोण?"

"राखीवमधल्या कुणाला तरी उभा करतील."

केलाही. तोडणकर त्या मोसमात पुढं एकही सामना खेळला नाही, आणि पुढच्या वर्षी थांबला. पेपरात दोन ओळी आल्या, त्यात कारण दिलेलं नव्हतं. पुढच्या लिलावात रणधीरचं नाव आलं नाही. त्यानं कुणाला दोष दिला नाही. फक्त मॅटवर यायचं बंद केलं.

जाहिरात गिझरची होती. ती पुढं दोनेक वर्षं लागायची. तीत सहा जण उभे आहेत. तोडणकर बसलेला आहे.